टोप कोणाचा?

अल नहदा, शारजा
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

लतिका, बाय माझी,

आधी बातमी, मग सलाम. फाइल बंद झाली! सरकारी वकिलांच्या कचेरीने, इथे ज्याला नियाबा म्हणतात तिने, आज लिहून दिलं की यात गुन्हाच होत नाही, खटला भरायचा नाही. खलास! तुझ्या वकिलाने तुला कळवलं असेलच. पण माझ्या तोंडून नको का कळायला?

तू माझा नंबर ब्लॉक केलास, नोमानचा केलास, माझ्या नातीचा, बिचाऱ्या मुनिबाचाही केलास. म्हणून हे कागदावर. आत्मारामभाऊ कामाला इथे जवळच अल कुसैसला येतात, त्यांच्या हाती देते आहे. तू घेतलं नाहीस तर ते मोठ्याने वाचून दाखवणार. तसा शब्द घेतलाय मी त्यांच्याकडून, सांदणांचा डबा देऊन. नवऱ्यावर रागावू नकोस, सांदणांपुढे भलेभले वाकतात.

मी कोळंबी सोलत बसले होते. नोमान दारातूनच ओरडत आला, "अम्मी, केस गेली!" मला वाटलं, कोण गेलं? मग कळलं आणि मी तशीच उठून कोळंबीच्या हातांनी त्याला मिठी मारली. ऑफिसचा पांढरा शर्ट! एरवी केवढा बोलला असता. आज नुसता हसला, आणि मग खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याच्या मनात काय होतं कोण जाणे. मला विचारायची शुद्ध नव्हती, मी शुकरान्याची नमाज पढायला धावले.

आणि कारण ऐकलंस का? तांबं! कोणी विषबिष काही घातलं नव्हतं गं. टोपाचं तांबं सोलकढीत उतरलं होतं. प्रयोगशाळेने तसं लिहून दिलं, डॉक्टरांनी मान्य केलं. माझ्या आईचा, मांचा तो रत्नागिरीचा टोप, आठवतो ना, आतून पांढरट? ती कल्हई. आमच्या मुनिबाला तो मळ वाटला! आपल्या साखरपुड्याचे फोटो छान यावेत म्हणून पोरीने तो भांडी उजळायच्या पावडरीने बाहेरून घासला तो घासला, आतूनही खसाखसा घासला. मी तिला विचारलं तर रडत म्हणते, "दादी, इट वॉज सो डर्टी इनसाइड!" आणि तू फोनवर सांगितलंस तशी आदल्या दिवशी त्यातच आमसुलं भिजत घातली. रात्रभर आंबट पाणी उघड्या तांब्यात. तू दुसऱ्या दिवशी येईपर्यंत आतलं सगळं लालेलाल, तुला काय दिसणार? नारळाचं दूध तेवढं तुझं.

आणि मी, जिचं अर्धं बालपण कल्हईवाल्याचा भाता बघण्यात गेलं, ती मी त्या लखलखत्या टोपाकडे बघून काय म्हणाले? "माशाल्ला, सोन्यासारखा दिसतोय!" घ्या.

माझं मेलीचं काही नाही, सलाईन लावून दोन दिवसांत घरी आले. पण मुनिबाच्या नवरदेवाच्या, तहाच्या दादीला आयसीयूत ठेवावं लागलं, व्याह्यांची मंडळी हबकली, आणि सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे वळल्या. कारण सगळ्यांनी सोलकढी प्यायली आणि तू घोटभरही घेतली नाहीस. त्यात भर म्हणजे नोमानशी तुझं ते भांडण! डब्यातलं नारळाचं दूध आणू म्हणाला काय, तू त्याच्या केटरिंगच्या सगळ्या किचनसमोर म्हणालीस काय, "नोमान, तुला एक दिवस बघून घेईन!" अगं, मी तर त्याला रोज म्हणते. पण पोलिसांच्या कागदावर ते वाक्य वेगळंच दिसतं, नाही?

असो. आता संपलं! तुझ्या पासपोर्टावरची बंदी उठेल. इशिताचं बाळंतपण गाठशील. पोटुशी लेक चिपळुणात आणि आई इथे अडकलेली, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

शुक्रवारी ये. तुझ्या आवडीचे घावन करते. यल्ला, चल आता, फार भाव खाऊ नकोस.

तुझी
हाफिजाबू


अल नहदा
शनिवार, १५ नोव्हेंबर

लतिका,

शुक्रवारी आली नाहीस. घावन आत्मारामभाऊंनी खाल्ले. खाता खाता म्हणाले, "हाफिजाबू, तिने तिकीट काढलंय. बावीस तारखेचं. परतीचं काढलेलं नाही."

माझ्या हातातलं उलथनंच थांबलं. म्हणजे मी ज्याच्यासाठी दुआ मागितली, तेच दार उघडलं आणि तू त्याच दारातून निघालीस! मी विचारलं, "का हो? केस तर गेली ना?" भाऊ म्हणाले, "केस गेली, पण बोलणारी तोंडं गेली नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये म्हणतात, पुरावा मिळाला नाही म्हणून सुटली. खटला चालला असता आणि कोर्टाने निर्दोष म्हटलं असतं, तर तो कागद तोंडावर फेकता आला असता. आता फक्त एवढंच, की सरकारने पुढे जायचं नाही ठरवलं. निर्दोष असं तिला कोणी म्हटलंच नाही."

रात्रभर हेच डोक्यात. खरंच की गं! आम्ही इथे फाइल बंद झाली म्हणून नाचतोय, आणि तुझ्यासाठी ती अर्ध्यावर सोडलेली गोष्ट. फिर्याद सगळ्यांसमोर झाली आणि सुटका बंद पाकिटात.

त्यात नवीनच. तहाचा काका हम्माद म्हणतो आहे, आम्ही निर्णयावर हरकत घेणार, तशी सोय आहे. हे कळलं आणि मी बुरखा चढवला. नोमानला म्हटलं, "गाडी काढ. तहाच्या दादीकडे." तो म्हणाला, "अम्मी, वकील म्हणतो आपण मध्ये पडू नये." मी म्हटलं, "वकिलाला पोरीच्या सासरी जायचं नाहीये, मला जायचंय."

अल कुसैसला त्यांच्याकडे गेलो. म्हातारी पलंगावर उशांना टेकून बसलेली, हातात तसबीहची माळ, आवाज मात्र अजून खणखणीत. म्हसळ्याची ना ती! हम्माद समोर खुर्चीत, पाय हलवत. मी सगळी कल्हईची कथा सांगितली. म्हातारीने ऐकली, मग म्हणाली, "ते कळलं मला. आमच्या घरीही एकदा बिनकल्हईच्या भांड्यात ताक असंच कळकून हिरवं झालं होतं. पण एक सांग हाफिजा, ती बाई का नाही प्यायली? तेवढंच मला खुपतं."

मी म्हटलं, "दादी, त्या दिवशी तिची चतुर्थी होती. संकष्टी. चंद्र उगवेपर्यंत ती काही खात नाही. लसूण-मिरची घातलेली सोलकढी तर मुळीच नाही."

"म्हणजे रोजा?"

"तसंच समजा. आपला सूर्य मावळला की सुटतो, त्यांचा चंद्र उगवला की."

म्हातारी ताठ बसली. "अरे हम्माद! तुला कोणी रमजानमध्ये विचारलं, तू दुपारी चहा का नाही प्यायलास, नक्की त्यात काहीतरी घातलं असणार, तर?"

हम्माद म्हणाला, "अम्मी, ते वेगळं."

"काय वेगळं? पोटातून कळा मला आल्या, बोंब तू मारतोस! बाई उपाशी पोटी उभी राहून शंभर माणसांना वाढत होती आणि आपण तिला चोर केली. हरकत-बिरकत काही नाही. खलास!"

"पण अम्मी, फॅमिलीची इज्जत..."

"इज्जत माझ्या उशीखाली आहे, तू पाय हलवणं बंद कर."

बाय, मी हसू दाबता दाबता पदर तोंडात कोंबला. बुरख्याला पदर नसतो, तरी कोंबला! खाली उतरताना जिने उतरतेय की उडतेय तेच कळेना. हरकत येणार नाही, शंभर टक्के.

आता तरी बोल. एक शब्द. "नाही" म्हणालीस तरी चालेल, पण तुझ्या आवाजात.

हाफिजाबू

ता. क. मुनिबा रोज विचारते, "डझ लतिकाआंटी हेट मी?" मी काय सांगू?


अल नहदा
मंगळवार, १८ नोव्हेंबर

लतिका,

हे पत्र घेऊन आत्मारामभाऊ आलेले नाहीत. नोमान आलाय. दार उघड किंवा नको उघडू, पण पत्र वाच. तो खाली पार्किंगमध्ये उभा राहील, तू परत पाठवेपर्यंत. मी तसं बजावलंय त्याला.

आज सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात टोप आणायला गेलो होतो. केस बंद झाली की जप्त केलेलं सामान परत मिळतं, असं कळलं होतं. मी खुशीत होते. टोप घरी आणायचा, त्याची दृष्ट काढायची, मग तुला बोलवायचं, असे मनात मांडे खात होते.

काउंटरवरचा पोरगा नातवाच्या वयाचा. अदबीने म्हणाला, "हज्जा, ही वस्तू तुमच्या नावावर नाही."

मी म्हटलं, "बेटा, माझ्या मांचा टोप आहे. माझ्या घरून नेला."

त्याने पुन्हा पाहिलं. "घर तुमचं. पण मालक म्हणून लतिका नाव आहे. जबाबात त्यांनीच सांगितलंय. त्यांनाच येऊन सही करावी लागेल."

मी नोमानकडे पाहिलं. तो टाइल्सकडे बघत होता.

गाडीत बसलो. एसी चालू, गाडी जागेवरच. मी म्हटलं, "बोल."

त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मग म्हणाला, "अम्मी, तुला अॅम्ब्युलन्समधून नेलं आणि थोड्या वेळाने पोलीस आले. त्यांनी विचारलं, टोप कोणाचा? मुनिबा माझ्यामागे लपली होती. टोप तुझा म्हटलं असतं तर ते तुला विचारायला हॉस्पिटलात गेले असते. घासला कोणी म्हटलं असतं तर मुनिबा. तेवढ्यात लतिकाकाकू पुढे आली आणि म्हणाली, माझा. मीच आणला. सरळ त्यांच्याबरोबर निघाली."

"आणि तू?"

"मी गप्प बसलो."

"आणि मग ठाण्यात हम्मादबरोबर जाऊन भांडणाचं कोणी सांगितलं?"

बाय, माझा मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा आहे. शाळेत मार खाऊन आला तेव्हा रडला नव्हता. आज रडला. म्हणाला, "हम्माद म्हणत होता, जेवण तुझ्या लायसन्सवर, तूच आत जाणार. मी घाबरलो, अम्मी. जे तोंडात आलं ते बोललो. मग ते मागे घ्यायला धीर झाला नाही. फाइल बंद झाली तेव्हा वाटलं, सुटलो. आता कोणाला काही कळणार नाही."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

लतिका, मी तुझ्यावर रागावून बसले होते. हो, मनातल्या मनात. वाटायचं, एवढी वर्षं माझ्या चुलीशी उठबस, आणि एका फोनचं उत्तर देत नाही! आणि तू माझ्या टोपाचा आळ आपल्या डोक्यावर घेऊन इंटरनॅशनल सिटीतल्या तुमच्या त्या खोलीत बसलीस. लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं असताना. एका शब्दाने सुटली असतीस. "टोप हाफिजाचा" एवढं म्हणायचं होतंस. का नाही म्हणालीस? नको सांगू. मला ठाऊक आहे. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, असं म्हणावंसं वाटतं. केलं असतं का, अल्ला जाणे.

आता ऐक. सरकारी वकिलांनी तुला सोडलं, पण तुला निर्दोष म्हणायचं काम त्यांचं नव्हतं. ते आमचं होतं. नोमानने ते आज दुपारी केलंय. अल कुसैसच्या किचनमध्ये, जिथे तू त्याला "बघून घेईन" म्हणालीस तिथेच, सगळ्या माणसांसमोर. हम्मादला मी फोन करून बोलावलं होतं. भटारखान्याचा मोठा पंखा बंद करायला लावला, नाहीतर कोणाला काही ऐकू आलं नसतं. नोमान म्हणाला, "टोप माझ्या अम्मीचा. कल्हई माझ्या पोरीने घासली, चुकून. लतिकाकाकूने आमच्या घरावरचं स्वतःवर घेतलं आणि मी तिच्यावर ढकललं. ती निर्दोष आहे, आणि मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

मग तुझ्या हाताखालची ती केरळची शोभा चेची मोडक्या हिंदीत म्हणाली, "सेठ, ये बात उधर जाके बोलो ना. इधर तो हम सबको पहले से मालूम था."

म्हणून त्याला उधर पाठवलाय. आता तुझ्या हाती. दोन शिव्या दे, चार दे. मारलंस तरी माझी ना नाही. फक्त बोल.

तुझी, आणि आता तुझ्यापुढे मान खाली घातलेली,
हाफिजा


अल नहदा
रविवार, ३० नोव्हेंबर

लतिका, गं माझी बाय, आजीबाय!

मुलगी झाली! आत्मारामभाऊंनी फोन केला तेव्हा मी लिफ्टमध्ये होते, तिथेच किंचाळले. वरच्या मजल्यावरचा इजिप्तचा म्हातारा घाबरून मध्येच उतरला. मुबारक, मुबारक! इशिताला म्हणावं, अळीव खा, डिंक खा, आणि मोबाइल कमी बघ.

आता हे पत्र चिपळूणच्या पत्त्यावर टाकते आहे. तू मला अनब्लॉक केलंस हे ठाऊक आहे, तो फोटो आलाय ना! पण मला आता कागदाची चटक लागली. व्हॉट्सअॅपवर बोटाने काय, मन मोकळं होत नाही.

तो अठरा तारखेचा प्रसंग मला अर्धा नोमानने सांगितला, अर्धा भाऊंनी, आणि दोघांचा ताळमेळ बसत नाही. नोमान म्हणतो, काकूने लगेच दार उघडलं. भाऊ म्हणतात, मगरिबच्या अजानपर्यंत पोरगा खाली उभा होता आणि तू बाल्कनीतून बघत होतीस. मी भाऊंवर विश्वास ठेवते. पण पुढचं दोघांचं सारखं आहे. तू पत्र वाचून झाल्यावर त्याला वर बोलावलंस, माफीचा एक शब्द बोलू दिला नाहीस, खवणी आणि नारळ पुढे ठेवलेस आणि म्हणालीस, "खव. डब्यातलं दूध आणतो म्हणे! आधी हाताने काढून बघ, मग बोल."

आणि तो खवत बसला! अंगठ्याला अजून पट्टी आहे. किचनमध्ये माणसं विचारतात, "सेठ, क्या हुआ?" तो सांगतो, "काकूने बघून घेतलं." माझी हसून हसून पुरेवाट झाली. त्याने डब्यांची ऑर्डर रद्द केलीय, बरं का.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं टोप आणायला गेलात. तू सही केलीस. मला वाटलं, आता टोप माझ्याकडे येणार. नोमान रिकाम्या हातांनी आला. म्हटलं, "टोप?" म्हणाला, "काकू म्हणाली, माझ्या नावावर आहे, मी नेते." वाटलं, राग आहे अजून. असणारच, असायलाच हवा. ठेव तुझ्याकडे, तुझा हक्क आहे, असं मनाशी म्हणाले आणि गप्प राहिले. विमानतळावरही विचारलं नाही. तू माझे हात धरलेस, मुनिबाच्या तोंडावरून तेवढा हात फिरवलास. तुझ्या बॅगांमध्ये ते गोणपाटात बांधलेलं गाठोडं बघून माझे डोळे भरले आणि मी उगीच काउंटरच्या माणसाशी वजनावरून वाद घातला.

आणि काल तो फोटो!

चिपळूणच्या कल्हईवाल्याची भट्टी, त्याचा काळा हात, आणि माझ्या मांचा टोप, आतून चांदीसारखा पांढरा! खाली तुझं एकच वाक्य: "मुनिबाला दाखवा, हा मळ नव्हे."

मुनिबाने पाहिलं, आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "सो शी डझन्ट हेट मी." मी म्हटलं, "तिला विचार." तिने विचारलं. तू काय लिहिलंस ते मला दाखवत नाही, पण तेव्हापासून घरभर गुणगुणत फिरतेय.

तर आता कामाचं. मुनिबाचा निकाह ठरला. जानेवारीत. इन्शाल्ला तोवर बाळ दीड महिन्याचं होईल आणि इशिताच्या सासूला म्हणावं, आता तुमची पाळी. तहाच्या दादीने स्वतः फर्मान काढलंय की सोलकढी त्याच टोपात होणार, आणि करणार तूच. हम्माद जरा चाचरला, "अम्मी, परत तीच?" तर म्हातारी म्हणाली, "घाबरतोस तर तू लिंबूपाणी पी."

तारखेवरून मात्र थोडी गंमत झाली. व्याह्यांनी सहा जानेवारी सुचवली होती, हॉल मिळत होता. मी म्हटलं, थांबा. आत्मारामभाऊंना फोन केला आणि त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लावलं. भाऊ म्हणाले, "सहाला संकष्टी आहे, तीही अंगारकी." मी व्याह्यांना कळवलं, सहा जमणार नाही, आमच्या घरच्या एका बाईचा उपास आहे. पलीकडे फोन हातोहात फिरला. मग म्हातारीचा आवाज आला, "बरोबर आहे. बदला."

शुक्रवार, नऊ जानेवारी ठरली. मी दोनदा विचारून घेतलंय, त्या दिवशी तुझी चतुर्थी नाही, एकादशी नाही, काही नाही. टोप घेऊन ये. तहाकडची सगळी मंडळी, आमची सगळी, किचनची माणसं, सगळे समोर बसलेले असतील. कोणी पेला उचलायचा नाही असं म्हातारीने आधीच सांगून ठेवलंय.

पहिला घोट तुझा.

वाट बघणारी,
हाफिजाबू